वाडीवालीला काय द्यावं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गावात रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं. ओटीत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी आणि तीळगूळ पडतो, आणि त्यावर वाण. अलीकडे हे वाण बहुतेक घरी तालुक्याच्या बाजारातून ठोकात आणलेलं असतं. प्लास्टिकची चाळणी, साबणाची डबी, स्टीलची इवलीशी वाटी. देणारीनं त्यासाठी पैसा पैसा जमवलेला असतो, तिच्या मनाचा मान राखलाच पाहिजे. पण माझं लक्ष त्या दिवसांत दुसरीकडे असतं. थंडी सरत आलेली असते, रब्बीच्या भाज्या उतरणीला लागलेल्या असतात, आणि जिच्या घरी विहीर किंवा बोअर आहे तिच्या वाडीत उन्हाळी वेलांसाठी आळी करायची वेळ झालेली असते. काकडी, दुधी, दोडका, भेंडी, चवळी, गवार हे सगळं जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमिनीत गेलं तर उन्हाची तिरीप वाढायच्या आत वेल मांडवावर चढतात. नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या सगळ्या बाया एकमेकींच्या घरी जातात आणि एकमेकींना काहीतरी देतात. मग ते काहीतरी बियाणंच का असू नये, असं मला फार वाटतं.

मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट-समुद्रपूरच्या पट्ट्यात राहते. आमच्याकडे घर लहान असलं तरी मागे थोडी वाडी असतेच. तिला काट्यांची नाही तर तुराट्यांची (तुरीच्या वाळल्या काड्यांची) कुपाटी, म्हणजे कुंपण, एका कोपऱ्यात खताचा खड्डा, मोरीच्या पाण्यावर केळ किंवा अळू, आणि जिथं जागा मिळेल तिथं वेल. ज्यांना वाडी नाही त्यांचं कोहळं टिनावर चढतं. या वाड्या सांभाळणाऱ्या माणसांना, म्हणजे बहुतेक बायांना आणि घरातल्या म्हाताऱ्यांना, काय द्यावं याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. वाडीवाल्या माणसाला आवडेल असं देणं शोधायला खिशात पैसे असावे लागत नाहीत. त्याच्या वाडीत एकदा फिरून यावं लागतं. कुठं काय लावलंय, काय मेलंय, कुठली जागा रिकामी आहे, कशावर मावा पडलाय, पाणी कसं घालतात, हे पाहिलं की काय द्यायचं ते आपोआप कळतं. आणि दुसरं, देणं हंगामाच्या आत पोचलं पाहिजे. चैत्रात दिलेलं मेथीचं बी कितीही चांगलं असलं तरी ते डब्यात पडून राहतं.

बियाणं द्यायचं तर त्याची तयारी आधीच्या पावसाळ्यातच सुरू होते. माझ्या सासूबाईंची पद्धत अशी की वेलाला लागलेली पहिली दोन-तीन फळं पाहायची, त्यातलं सगळ्यात सरळ आणि निरोगी फळ हेरायचं आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातल्या कुणीही, पोरांनीसुद्धा, त्या फळाला हात लावायचा नाही. पुष्कळ घरी उलटं होतं. चांगली चांगली फळं खाल्ली जातात आणि शेवटी वेल थकल्यावर उरलेलं वाकडंतिकडं फळ बियाणाला ठेवतात. थकल्या वेलाचं अर्धवट भरलेलं बी पुढच्या वर्षी नीट उगवत नाही, मग बियाणालाच दोष लागतो.

दोडक्याचं तर मला विशेष सांगावंसं वाटतं. चिंधी बांधलेला दोडका वेलावरच राहू दिला की आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, शिरा कडक होतात आणि आतला गर आटून जातो. हातात घेतला तर वजनच लागत नाही. कानाशी हलवला की आत बिया खुळखुळतात. त्याच्या टोकाला एक छोटं झाकण असतं, ते पूर्ण वाळल्यावर आपसूक निघून पडतं आणि दोडका उलटा धरला की काळ्या, खरखरीत बिया त्या भोकातून ओंजळीत उतरतात. बी निघून गेल्यावर मागे जी जाळी राहते ती भांडी घासायला कामी येते. असा अख्खा वाळलेला दोडका, झाकण पडायच्या आधी तोडून ठेवलेला, हे मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं वाण आहे. त्याला पुडी नको, डबी नको. बी आपल्याच घरात सुरक्षित बंद असतं, खुंटीला टांगून ठेवता येतं, आणि लावायच्या दिवशी फोडलं की मूठभर बी आणि वर घासणी. आमच्या जाऊबाईंना मी तो दिला तेव्हा त्यांनी तो दोन दिवस देवघराच्या खुंटीला टांगून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हलवून ऐकवत होत्या, "पाहा बाई, कसा वाजते!"

बी घेण्याआधी एक मात्र करावंच. त्याच वेलाचं दुसरं एखादं फळ चाखून पाहावं. जिभेच्या टोकाला लावावं आणि कडू लागलं तर थुंकून टाकावं. कडू दुधी आणि कडू दोडका पोटात जाणं धोक्याचं असतं, उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात पोचतो. अशा वेलाचं बी ठेवू नये, कुणाला देऊ तर मुळीच नये.

वांग्याचं बी घ्यायचं तर वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यावं. भेंडी झाडावरच वाळवावी, तडकायला लागली की तोडावी. आमच्याकडे म्हातारी माणसं टमाट्याला अजून भेदरं म्हणतात. त्याच्या बियांभोवती एक बुळबुळीत आवरण असतं. तो गर वाटीत काढून दोन-तीन दिवस तसाच आंबू द्यायचा, वर पांढरट साय येते, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. चांगलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. ते ताटलीत पसरून सावलीत वाळवावं. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. सगळं बी इतकं वाळलं पाहिजे की नखानं दाबलं तर खूण उमटू नये. मग त्यात चुलीची चाळलेली थंड राख मिसळायची. राखेनं ओल धरत नाही आणि किडा लागत नाही.

ज्यांच्याकडे बाजारातलं संकरित बियाणं लावलेलं असतं त्यांनी ते बी साठवून वाटू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते उगवतं, नाही असं नाही, पण पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक ठेंगणं, एकाला फळ गोल, एकाला लांब असं होतं. घेणारीचा एक हंगाम त्यात जातो. तसंच लांब दुधी आणि गोल दुधी शेजारी लावले असतील तर मधमाशी दोघांचं मिसळून टाकते, मग मायवेलासारखं फळ येईल याचा भरवसा नसतो. म्हणून मी देताना आधी सांगते की हे बी शेजारपाजारच्या दुसऱ्या जातीपासून लांब वाढलेलं आहे की नाही.

पुडी कशाचीही चालते. जुन्या कॅलेंडरचा कागद मला सगळ्यात आवडतो, जाड असतो आणि मागची बाजू कोरी असते. त्या कोऱ्या बाजूवर चार गोष्टी लिहायच्या. कशाचं बी, कुणाच्या वाडीतलं, कोणत्या महिन्यात काढलं, कधी लावायचं. पेन्सिलनं लिहिलेलं उन्हापाण्यात शाईपेक्षा जास्त टिकतं. काढल्याचा महिना महत्त्वाचा आहे, कारण सगळ्या बियांचं आयुष्य सारखं नसतं. काकडी-भोपळ्याचं बी नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं सहज उगवतं, कांद्याचं मात्र वर्षभरात नासतं. शंका वाटली तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या उबेला ठेवाव्यात. सात-आठ फुटल्या तर बी द्यायजोगं आहे. मिरची, वांगं फुटायला जास्त दिवस घेतात, त्यांना घाई करू नये. धने दिले असतील तर पुडीवर "रगडून दोन फाक्या करून पेरा" असंही लिहावं. नव्यानं वाडी करणाऱ्या सुनेला हे कुणी सांगितलेलं नसतं आणि तिचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, उगवत नाही.

बी देण्याबद्दल बोलताना दादाजी खोब्रागडे यांची आठवण काढल्याशिवाय माझ्यानं पुढं जाववत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले ते थोडक्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्ष निवडत गेले, आणि त्यातून बारीक दाण्याचा तो धान उभा राहिला जो पुढं त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून ओळखला गेला. नंतर त्यांनी आणखीही जाती निवडून काढल्या. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. डोळे होते आणि बांधावर रोज जाण्याची सवय होती. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट ही की ते बियाणं त्यांनी मागेल त्याला दिलं. एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे असं करत ते विदर्भाबाहेर कुठल्याकुठं गेलं. २०१८ मध्ये दादाजी गेले. आमच्या घरी एचएमटीचा भात होतो तेव्हा एका माणसानं वेगळ्या काढलेल्या लोंब्यांचं हे सगळं आहे, हे मी पोरांना सांगते. पुडीभर बी कुणाला देणं ही किती मोठी गोष्ट असू शकते, ते यावरून समजतं.

आणि याला आणखी एक बाजू आहे. एका वर्षी आमच्या गावात पोपटी वालाचं जुनं बी बहुतेक घरी किडलं. ज्यांनी ते कधी काळी माहेरी, नणंदेला, शेजारी दिलेलं होतं त्यांना ते परत मिळालं. शेजारच्या आजी माझ्याकडून मूठभर वाल घेऊन गेल्या. ते मूळचे त्यांच्याच वाडीतले होते. जाताना म्हणाल्या, "माह्या घरचं बी माह्याच घरी आलं माय. तुले देल्लं नसतं तं आज कुठून आणलं असतं?"

सगळंच काही बियांवर होत नाही. वायगावची हळद आमच्या समुद्रपूर तालुक्याची, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हळद खणायच्या वेळी, पानं वाळली की, निरोगी जाड गड्डे निवडून सावलीत, त्याच वाळल्या पानांखाली झाकून ठेवले की मे-जूनमध्ये लावायला तयार. चार-पाच गड्डे एका टोपलीत कुणाला दिले तर पुढच्या वर्षी तिच्या घरची हळद तिच्या वाडीतून निघते. भिवापुरी मिरचीचंही असंच, एक लालभडक वाळलेली मिरची दिली तरी तिच्यात वाफाभर रोपांचं बी असतं.

मुनगा, म्हणजे शेवगा, द्यायचा असेल तर बी नको, फांदी द्यावी. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब. मृगाच्या तोंडावर तोडायची, चार दिवस सावलीत ठेवायची म्हणजे कापलेलं तोंड सुकतं आणि मातीत सडत नाही. वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावायचा. अशी फांदी खांद्यावर घेऊन कुणाच्या घरी जायचं आणि स्वतःच खड्डा करून लावून द्यायची. बीपासून झालेल्या झाडाच्या शेंगा कशा निघतील सांगता येत नाही, फांदीच्या मात्र त्याच झाडासारख्या निघतात, म्हणून ज्याच्या शेंगा गोड आणि गराच्या आहेत त्याचीच फांदी द्यावी. गोडलिंबाचे (कढीपत्त्याचे) फुटवे मुळाजवळ आपोआप निघतात, ते मुळासकट काढून दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावायचे. मोगऱ्याला दाब द्यायचा तर दोन महिने आधीपासून तयारी हवी. वाकवलेली फांदी मातीखाली दाबून वर दगड ठेवायचा, मुळं धरली की कापून वेगळी करायची. राखीला भावाच्या घरी न्यायचा असेल तर जूनमध्येच दाबून ठेवावा लागतो. दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं वाळली की फेकतात. ती तारेवरून काढून, हातानं चुरून ठेवली तर आळीतल्या सगळ्यांना पुरेल एवढं बी निघतं.

आता मडक्याबद्दल. हे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात यापेक्षा उपयोगाची भेट मला माहीत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५-४६ अंशांवर जातो. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वेलाला सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत वरच्या वर उडून जातं आणि उरलेलं भेगांतून खाली निघून जातं. संध्याकाळी पानं माना टाकतात. अशा वेळी तोंड अरुंद आणि पोट मोठं असलेलं मातीचं गाडगं, तीन-चार लिटर पाणी मावेल एवढं, वेलाच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. भोवतालची माती सुकेल तसं ती गाडग्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते. माती ओली असली की ओढणं कमी होतं. पाणी थेट मुळापाशी जातं, वर काही सांडत नाही, त्यामुळे तणही कमी उगवतं. एका गाडग्याभोवती वीतभर अंतरावर चार वेल आरामात जगतात. ऊन आणि वेलाचं वय पाहून दोन-तीन दिवसांनी ते परत भरावं लागतं. वेलाची मुळं गाडग्याला चारी बाजूंनी बिलगून बसलेली मी खणताना पाहिली आहेत, बारीक पांढऱ्या जाळीनं ते पार विणून गेलेलं असतं.

गाडगं निवडताना काळजी घ्यावी. त्याला रंग लावलेला नसावा, आतून गुळगुळीत लेप दिलेला नसावा. पुष्कळ लोक जुना माठ पुरतात, पण जो माठ पाणी थंड करत नाही त्याची भोकं आमच्या खाऱ्या पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली असतात, तो पाणी झिरपवतही नाही. कुंभाराकडून आणलेलं गाडगं रात्री भरून ठेवावं. सकाळी बाहेरून हात लावला की गारवा आणि ओल लागली पाहिजे. लागली तरच ते द्यावं. उन्हाळा संपला की मातीतून काढून धुऊन ठेवायचं, म्हणजे अनेक वर्षं जातं.

अक्षय तृतीयेला आपल्याकडे पाण्यानं भरलेल्या मातीच्या घटाचं दान देतात. उन्हाचा तो पुढचा महिना-दीड महिनाच सगळ्यात कठीण असतो. त्या दिवशी एखाद्या वाडीवालीला दोन गाडगी जास्तीची दिली, आणि कशी पुरायची ते तिच्या आळ्यात बसून दाखवलं, तर ते दान पुढं कितीतरी दिवस झाडांच्या मुळाशी झिरपत राहतं. कुंभाराच्या घरीही त्यानिमित्तानं दोन पैसे जातात. एरवी फ्रिज आल्यापासून त्याच्या माठांना गिऱ्हाईक राहिलेलं नाही.

बाकीच्या पुष्कळ गोष्टी तर घरात, शेतात नुसत्या पडून असतात. सोयाबीनचं कुटार एक पोतं दिलं तर उन्हाळ्यात वाफ्यावर अंथरायला होतं, ओल टिकते. जुन्या सुती लुगड्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून त्यांचा गुंडा करून द्यावा. वेल बांधायला याहून चांगलं काही नाही, नायलॉनची दोरी वाऱ्यावर हलून कोवळं खोड कापते. अंबाडीची दोरीही चालते. मांडवासाठी तुराट्यांची पेंडी द्यावी. कपाशीच्या पऱ्हाट्या देताना मात्र त्यांवर राहिलेली वाळकी बोंडं आधी काढून जाळावीत. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसलेली असते आणि आपण ती दुसऱ्याच्या शेताजवळ नेऊन पोचवतो. शेणखत द्यायचं तर पूर्ण कुजलेलं द्यावं. हातात घेतल्यावर वास येत नाही, ऊब लागत नाही आणि माती होऊन निसटतं ते कुजलेलं. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि एकदा आलेली हुमणी लवकर जात नाही.

शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून केलेलं जीवामृत आमच्या भागात पुष्कळांना माहीत आहे, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघरी पोचवलं. ते पातळ असतं आणि थोड्या दिवसांतच वापरावं लागतं, त्यामुळे भेट म्हणून न्यायला अडचणीचं. त्याऐवजी घनजीवामृत करावं. दहा किलो देशी गाईच्या शेणाला शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती आणि कालवायपुरतं गोमूत्र. दोन दिवस सावलीत ढीग करून पोत्यानं झाकून ठेवायचं, मग पसरून वाळवायचं आणि कुटून बारीक करायचं. सुती पिशवीत भरलं की काही महिने टिकतं. रोपं लावताना खड्ड्यात एक-एक मूठ टाकायची.

निंबोळ्यांचं काम पोरांना सांगावं, त्यांना त्यात फार गोडी असते. जूनमध्ये कडूनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर चोळून धुऊन, बी सावलीत वाळवायचं. ज्यांच्या वांग्यावर, चवळीवर मावा आणि पांढरी माशी पडते त्यांना या वाळल्या निंबोळ्या किलोभर द्यायच्या आणि सोबत कागदावर कृती लिहून द्यायची. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून फडक्यात बांधून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी पिळून गाळायचं, त्यात थोडं रिठ्याचं किंवा साबणाचं पाणी घालायचं आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूला फवारायचं. उन्हात त्याचा गुण जातो. निंबोळ्या गेल्या हंगामातल्याच असाव्यात, दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या देऊ नयेत. ज्या घरात लहान लेकरं आहेत त्या घराला ही भेट मी आवर्जून देते. दुकानातली विषारी बाटली भाजीच्या वाफ्यात यायला नको, असं मला मनापासून वाटतं.

म्हाताऱ्या माणसांना नवीन काही दिलेलं फारसं रुचत नाही. त्यांचं खुरपं त्यांच्या हाताला बसलेलं असतं. मग त्यांचंच खुरपं मागून घ्यावं, लोहाराकडून पाजवून आणावं, मूठ खिळखिळी झाली असेल तर बाभळीची नवी बसवून आणावी. आमच्या एका दूरच्या मामांचं खुरपं असंच पाजवून आणलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, अंगठ्यानं धार पाहिली, काही न बोलता वाडीत गेले आणि लसणाचा अख्खा वाफा निंदूनच परत आले. मामी मला आतून म्हणाल्या, "चार दिवसांपासून हात धरून बसले व्हते, बोथट खुरप्यानं निंदणंच होत नाई म्हणत."

शहरातून येणारे पाहुणे कधी कधी नर्सरीतलं सुंदर कुंडीतलं झाड आणतात. माया असते त्यात. पण सावलीत, दमट हवेत वाढलेलं ते झाड आमच्या एप्रिलमध्ये होरपळतं आणि घरच्या बाईला ते वाचवता आलं नाही याचं वाईट वाटत राहतं. शहरात राहणाऱ्या नातेवाइकांना मी सांगते, काही आणायचंच असेल तर तुमच्याकडची रिकामी झाकणाची छोटी डबी-बाटली आणा, बी ठेवायला होते. नाहीतर जुनी शेड नेट आणा, रोपवाटिकेवर बांधायला.

आणि जिच्याजवळ यातलं काहीच नाही, वाडी नाही, वाळलेलं बी नाही, तिच्याजवळही देण्यासारखं एक असतंच. वाडीवाली बाई उन्हाळ्यात गाव सोडू शकत नाही. लेकीचं बाळंतपण असो की माहेरचं लग्न, तिचा अर्धा जीव आळ्यांत अडकलेला असतो. घरच्या पुरुषांना सांगून जाते, पण कोणत्या वेलाला किती पाणी, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. आमच्या आळीतल्या एका वहिनींना लेकीकडे जायचं होतं आणि त्या दिवस ढकलत होत्या. त्यांच्याकडे मजुरीला येणारी एक बाई, तिला स्वतःची हातभर जागा नाही, ती म्हणाली, "वहिनी, पाण्याचं मी पाहीन. तुमी बिनघोर जा." वहिनींनी तिला वाडीभर फिरवून दाखवलं. कारल्याला रोज, कोहळ्याला दिवसाआड, मिरचीच्या बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही, गाडगी तिसऱ्या दिवशी भरायची. परत आल्या तेव्हा एक वेल वाळला नव्हता. शिवाय तिनं कारल्याची पिकलेली दोन फळं उकलायच्या आत तोडून, बी धुऊन, राखेत घोळवून ठेवलं होतं. वहिनींनी त्यातलं अर्धं बी तिलाच दिलं आणि घराशेजारची कुपाटीलगतची पट्टी तिला लावायला दिली.

आता आमच्या आळीत उन्हाळ्याच्या पाळ्या लागतात. जिला जायचं असेल ती होळीच्या सुमाराला सांगून ठेवते आणि जिची पाळी तिला वाडी दाखवून देते. यंदा मे महिन्यात माझी पाळी शेजारच्या काकूंच्या वाडीत आहे. त्यांची चवळी तेव्हा पहिल्या तोडणीला येईल. तोडून आळीत वाटून टाक, फक्त मधल्या ओळीतल्या चिंधी बांधलेल्या शेंगांना हात लावू नकोस, असं त्यांनी आत्तापासूनच बजावून ठेवलं आहे.